एकस्व

वाशी, सेक्टर सतरा, तिसरा मजला.
खाली झेरॉक्सवाला, वर माझं ऑफिस:
पेटंटचे अर्ज लिहून मिळतील.
पहिल्या वर्षी या शेजाराचं हसू यायचं.

आनंदराव शेडगे आले बाराच्या सुमारास,
पाळी आटपून, कॉलरीत कांद्याची सालं,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी
टेबलावर ठेवलं,
मुलीची पत्रिका ठेवावी तसं.

हूक.
गोणीला मारून पाठीवर घ्यायचा, तोच.
पण याला अंगठ्यापाशी चाप,
टोकं दोन, बोथट, एकमेकांकडे वळलेली;
तागाच्या विणीत शिरतात, निघतात,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तशी.

"गोणी फाटली की सांडलेला माल आमच्या नावावर.
एकोणीस वर्षं तो हिशेब बघितला.
मग हा केला."

मी कोरा कागद ओढला.
आमच्या धंद्यात वस्तूच्या अवयवांना आकडे असतात.
मूठ दहा. चाप बारा.
चौदा आणि सोळा ही टोकं.
दावा एकाच वाक्यात मांडायचा,
ज्यात, ज्यायोगे, सदर, उपरोक्त,
पन्नास किलो पाठीवर घेऊन
गाळ्यापासून ट्रकपर्यंत जायचं तसं ते वाक्य,
मध्ये टेकायची सोय नाही.

मग विचारलं, विचारावंच लागतं:
हे आधी कोणाला दाखवलंय?

"दाखवलंय म्हणजे?
अख्ख्या कांदा-बटाट्याला माहीत आहे.
डी विंगच्या पोरांना मीच करून दिले,
रबाळ्याच्या वेल्डरकडून, साठ रुपयाला एक.
एक तर ट्रकवाल्याबरोबर लासलगावला गेला."

मी पेनाला टोपण लावलं.

सांगितलं: शोध आधी सरकारदरबारी, मग चारचौघांत.
चारचौघांत आला तो कायद्याला जुना.
आणि या कागदाला मराठीत म्हणतात एकस्व,
एकाचं स्व.
त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला,
तंबाखू चांगली आहे का बघावी तसा.
"बाई, शेजारच्याचा माल सांडताना
मी हा खिशात ठेवून
कुठल्या खिडकीला रांग लावायची होती?"

फी घेतली नाही. चहा झाला. गेले.

पुढच्या मार्चमध्ये, प्रदर्शन केंद्रात,
मंचावरून कोणी सांगत होतं
देश नवनिर्मितीत किती पायऱ्या चढला.
टाळ्यांत मीही होते; माझं पोट त्यावरच आहे.
आणि सातव्या स्टॉलवर, काचेखाली, मखमलीवर,
मूठ दहा, चाप बारा,
चौदा आणि सोळा.
मूठ केशरी केलेली.
किंमत साडेआठशे.
खाली बारीक अक्षरात: पेटंट प्रलंबित.

रात्रभर कायदा चाळला, पाठ असलेलाच.
हरकत कोण घेऊ शकतो, तिथे लिहिलंय:
कोणीही.
इतकी वर्षं या शब्दावरून
मी नुसती पुढे गेले होते.

कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीत गेले.
म्हटलं, हा तुमचा होणार नाही, ते तसंच आहे.
पण त्यांचाही होऊ नये, एवढं करता येईल.
तुम्ही वाटलात, हाच आता पुरावा.
आनंदराव बराच वेळ गप्प.
मग आत वळून म्हणाले,
"मंदाकिनी, वेल्डरचा नंबर बघ गं."

वेल्डरची वही आली: तेलाचे डाग, तारखा,
"शेडगे, हूक नग ४०, उधार."
लासलगावहून ट्रकवाल्याचं पत्र, सहीसकट.
खालच्या झेरॉक्सवाल्याने अकरा प्रती काढल्या
आणि वही परत देताना विचारलं,
"फाटलेलं पानही हवंय का?"
हवंय म्हटलं. ते तर आधी.

अर्ज गेला. निकाल कधी, माहीत नाही;
तिथे फायली आपल्या चालीने चालतात.
त्या दिवशी आनंदरावांचा हूक
मी पाकिटात घातला, वर चिठ्ठी लावली: परिशिष्ट क.
विचारलं, मग उद्या पाळीला काय वापराल?

"कोणाचाही घेईन की उसना.
सगळे सारखेच आहेत."